आईला दिलेले वचन आणि हिशेबाची वही : लंडनमधील विद्यार्थी मोहनदास

साधनेची सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न आपल्या शिबिरांत हमखास विचारला जातो. कुणी जपापासून म्हणतो, कुणी ध्यानापासून. महात्मा गांधींच्या जीवनात पाहिले तर ती ताटापासून झालेली दिसते, आणि तीही आश्रमात नव्हे तर लंडन शहरातल्या भाड्याच्या खोल्यांत. तेव्हा ते महात्मा नव्हते. जेमतेम एकोणीस वर्षांचे, लाजाळू, इंग्रजी बोलताना अडखळणारे मोहनदास होते. या लेखात दांडी नाही, चंपारण नाही. फक्त १८८८ ते १८९१ ही तीन वर्षे आहेत.

वडील हयात नव्हते. राजकोटचे हायस्कूल संपवून १८८७ मध्ये मोहनदास मॅट्रिक झाले आणि भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले. तिथले काहीच डोक्यात शिरेना, म्हणून पहिले सत्र संपताच ते घरी परतले. कुटुंबाचे जुने स्नेही मावजी दवे यांनी सुचविले, की मुलाला विलायतेला पाठवा, तीन वर्षांत बॅरिस्टर होऊन येईल. मोहनदासांना आनंद झाला. पैशाचा भार थोरल्या भावाने उचलायचे ठरवले. अडचण आईची होती.

पुतळीबाई अत्यंत धर्मनिष्ठ. चातुर्मासातील कडक उपवास, एकादश्या, चांद्रायण हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. विलायतेला गेलेली मुले बिघडतात, मांस खातात, दारू पितात, असे त्यांच्या कानावर आले होते. मुलाने शपथ घेतो म्हटले तरी त्यांचे मन मानेना, इथे विश्वास आहे पण दूर देशात काय, ही शंका राहिलीच. शेवटी त्यांनी बेचरजी स्वामींना विचारले. हे मूळचे मोढ वाणीच, पुढे जैन साधू झालेले. त्यांनी मोहनदासांकडून तीन गोष्टींचे व्रत घेववले : मांस, मदिरा आणि परस्त्री यांना स्पर्श करणार नाही. मग आईने परवानगी दिली. घरी पत्नी कस्तुरबा आणि काही महिन्यांचा मुलगा हरिलाल यांना ठेवून मोहनदास मुंबईला निघाले.

मुंबईत जातीची सभा भरली. समुद्र ओलांडणे धर्मात बसत नाही, असे शेठनी बजावले. मोहनदासांनी नम्रपणे पण ठाम सांगितले, की आईला वचन देऊन निघालो आहे, आता थांबणार नाही. शेठनी त्यांना जातिबहिष्कृत केले. जो मदत करील किंवा गोदीवर निरोप द्यायला जाईल, त्याला सव्वा रुपया दंड. दंडाचा आकडा आज हसू आणतो, पण त्याचा परिणाम लगेच दिसला. प्रवासाचे पैसे ज्यांच्याकडे ठेवले होते त्या मेहुण्यांनीही जातीच्या भीतीने ते द्यायचे नाकारले, आणि एका स्नेह्याकडून उसने घ्यावे लागले. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ‘क्लाइड’ ही आगबोट मुंबईहून निघाली. सोबत जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार होते, एकाच केबिनमध्ये.

बोटीवर मोहनदास जवळपास केबिनमध्येच राहिले. इंग्रजीत बोलायचे म्हणजे आधी मनात वाक्य जुळवायचे, तोवर समोरचा पुढे गेलेला. काटे-चमचे वापरता येत नव्हते, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर होत नव्हता. त्यामुळे घरून आणलेली मिठाई आणि फळे यांवरच दिवस निघाले. एका दयाळू इंग्रज प्रवाशाने समजावले, की तांबड्या समुद्रापर्यंत ठीक आहे, पण पुढे बिस्केच्या उपसागरात मांसाशिवाय चालणार नाही, आणि इंग्लंडात तर अशी थंडी की मांसाशिवाय कुणी जगतच नाही. बिस्केचा उपसागर आला आणि गेला. काहीही झाले नाही. मांस न खाल्ल्याचे प्रमाणपत्र गोळा करायचे अशी कुणी सूचना केली होती, म्हणून मोहनदासांनी त्या गृहस्थांकडून तसे लिहून घेतले आणि जपून ठेवले. पुढे मांस खाणाऱ्यालाही असे प्रमाणपत्र मिळते हे दिसल्यावर त्याची किंमत उरली नाही.

सप्टेंबर अखेरच्या एका शनिवारी ते उतरले, पांढऱ्या फ्लॅनेलच्या कपड्यांत. उतरताना शोभून दिसेल म्हणून हा पोशाख मुद्दाम राखून ठेवला होता. थंडीला सुरुवात झालेल्या त्या गर्दीत असे कपडे घातलेले ते एकटेच. सामान आणि किल्ल्या एजंटकडे गेलेल्या, दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे बदलायची सोय नाही. त्या संध्याकाळी हॉटेलात डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले. बोलता बोलता मोहनदासांनी त्यांची उंच रेशमी टोपी हातात घेतली आणि लव उलट दिशेने फिरवली. डॉक्टरांनी जरा रागानेच थांबवले आणि तिथेच पहिला धडा दिला : दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, पहिल्या भेटीत खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, मोठ्याने बोलायचे नाही, आणि प्रत्येकाला सर म्हणायचे नाही, तसे नोकर मालकाला म्हणतात. हॉटेलाचे बिल झाले तीन पौंड. एवढे पैसे देऊनही पोट रिकामेच होते. एक पदार्थ आवडला नाही म्हणून दुसरा मागवला, तर दोन्हींचे पैसे लागले.

पुढचा महिना रिचमंड भागात एका मित्राकडे गेला. तो महिना फार कठीण होता. रात्री घर आठवे, आईचे प्रेम आठवे, अश्रू थांबत नसत. कुणाला सांगावे तर सांगून उपयोग काय. लोक परके, रीती परक्या, आणि त्यात व्रताची अडचण. जे खाता येईल ते बेचव. सकाळी ओटची लापशी पोटभर मिळे, पण दुपारी आणि रात्री पालक, पाव आणि मुरंबा. पावाचे दोन-तीन तुकडे झाले की आणखी मागायची लाज वाटे. भूक सणसणीत, वय वाढीचे.

मित्र रोज समजावी. अशिक्षित आईसमोर, इथली परिस्थिती माहीत नसताना घेतलेल्या शपथेला किंमत ती काय? त्याने बेंथमचा उपयुक्ततावादाचा ग्रंथही वाचून दाखवायला घेतला. भाषा कठीण, मोहनदासांना धड समजेना. त्यांनी सरळ सांगितले, की वादात मी तुम्हाला उत्तर देऊ शकत नाही, मांस खाणे आवश्यक आहे हेही क्षणभर मान्य करतो, पण व्रत मोडता येणार नाही. मित्राने पुस्तक मिटले आणि पुन्हा वाद घातला नाही.

आपण नेहमी ऐकतो की आधी पटले पाहिजे, मग पाळले पाहिजे. इथे क्रम उलटा आहे. मांस खाल्ल्याने माणूस बलवान होतो, सगळा भारत मांस खाऊ लागला तर बरे, असे त्यांना त्या काळी मनातून वाटत होते. शाळेत असताना एका सोबत्याच्या नादाने चोरून मांस खाऊनही झाले होते. म्हणजे लंडनमधले पहिले काही महिने त्यांनी जे पाळले ते स्वतःला पटलेले तत्त्व नव्हते. आईला दिलेला शब्द होता, एवढेच. न पटलेली गोष्ट उपाशीपोटी पाळणे हे पटलेली गोष्ट पाळण्यापेक्षा किती अवघड असेल!

रिचमंडहून ते वेस्ट केन्सिंग्टन भागात एका विधवाबाईंच्या घरी राहायला गेले. या बाई काही काळ भारतात राहिलेल्या. त्यांना व्रताची कल्पना दिली, तरी शाकाहारी काय करावे हे त्यांनाही समजत नव्हते. बाईंच्या दोन मुली जेवताना एक-दोन तुकडे पाव जास्त घ्यायचा आग्रह करीत. पण एक-दोन तुकड्यांनी काय होणार, अख्खा पावच लागला असता. याच घरी वर्तमानपत्र वाचायची सवय लागली. भारतात असताना त्यांनी कधी वर्तमानपत्र वाचले नव्हते, इथे तीन पत्रे रोज तासभर चाळली जाऊ लागली.

मग शोध सुरू झाला. लंडनमध्ये शाकाहारी उपाहारगृहे आहेत असे बाईंकडून कळले होते. रोज दहा-बारा मैल पायी भटकायचे, एखाद्या स्वस्त उपाहारगृहात पोटभर पाव खायचा, समाधान मात्र नाही. असे फिरता फिरता एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह दिसले. मनाजोगती वस्तू सापडल्यावर लहान मुलाला होतो तसा आनंद त्यांना झाला. आत शिरण्यापूर्वी दाराजवळच्या काचेत विकायला ठेवलेली पुस्तके दिसली. त्यांतले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे पुस्तक एक शिलिंगला घेतले आणि सरळ जेवायच्या खोलीत गेले. इंग्लंडात पाय ठेवल्यापासूनचे हे पहिले पोटभर जेवण.

सॉल्ट यांचे पुस्तक त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, आणि त्या दिवसापासून शाकाहार हा त्यांचा स्वतःचा निर्णय झाला. आतापर्यंत सत्यासाठी, दिलेल्या शब्दासाठी पाळले होते, आता बुद्धीनेही होकार दिला. आईच्या व्रताबद्दल त्यांनी मनोमन धन्यता मानली. पुढे हॉवर्ड विल्यम्स, अ‍ॅना किंग्सफोर्ड यांची या विषयावरची पुस्तके वाचली, डॉ. अ‍ॅलिन्सन यांचे आरोग्यावरचे लेख वाचले.

मित्राला मात्र काळजी होती, की हा मुलगा विक्षिप्त होणार आणि इंग्रज समाजात बावळट ठरणार. एकदा त्याने नाटकाला नेले, आणि त्याआधी हॉलबर्न रेस्टॉरंट या भव्य ठिकाणी जेवायला बसवले. इथे तरी हा गप्प बसेल, असा अंदाज. पहिल्यांदा सूप आले. मोहनदासांनी वाढप्याला खुणेने बोलावले. मित्राने ते पाहिले, कारण विचारले, आणि हे सूप कशाचे आहे ते विचारायचे होते हे कळताच संतापला. नीट वागता येत नसेल तर बाहेर जा, दुसरीकडे जेव आणि बाहेर माझी वाट पाहा, असे म्हणाला. मोहनदासांना यात सुटकाच वाटली. ते बाहेर आले. जवळच शाकाहारी उपाहारगृह होते, पण बंद झालेले. त्या रात्री उपाशीपोटी त्यांनी मित्राबरोबर नाटक पाहिले. दोघांनीही झाल्या प्रसंगाबद्दल अवाक्षर काढले नाही, आणि मैत्री टिकली.

मित्राला दिलासा द्यायचा म्हणून मोहनदासांनी ठरवले, की आपण सभ्य इंग्रज बनून दाखवू. चरित्र सांगताना हा भाग बरेचदा गाळला जातो. मला वाटते तो सांगितलाच पाहिजे, नाहीतर पुढचे समजत नाही. मुंबईचे कपडे शोभेनासे झाले, म्हणून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून नवे शिवले. एकोणीस शिलिंगची उंच टोपी घेतली. बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून संध्याकाळचा सूट शिवला. भोळ्या, उदार भावाला लिहून घड्याळाची सोन्याची दुपदरी साखळी मागवली. मोठ्या आरशासमोर रोज दहा मिनिटे टाय बांधण्यात आणि केसांचा भांग काढण्यात जाऊ लागली. नृत्यवर्गाला तीन पौंड भरले. सुमारे तीन आठवड्यांत सहा धडे झाले, पण पियानोचा ताल कळेना आणि पाय जुळेनात. कान तयार व्हावा म्हणून तीन पौंडांचे व्हायोलिन घेतले, ते शिकवायची फी वेगळी. भाषण सुधारावे म्हणून तिसरे शिक्षक धरले.

आकडे नुसते वाचून अंदाज येत नाही. एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगचे बारा पेन्स, असा तो हिशेब होता. पुढे ते ज्या खोलीत राहिले तिचे भाडे आठवड्याला आठ शिलिंग आणि जेवणाचा खर्च दिवसाला सव्वा शिलिंग होता. म्हणजे बाँड स्ट्रीटचा एक सूट म्हणजे पंचवीस आठवड्यांचे भाडे किंवा एकशे साठ दिवसांचे जेवण.

हे वेड तीनेक महिने टिकले. मग विचार आला, की मला काय इंग्लंडात जन्म काढायचा आहे? मी विद्यार्थी आहे, विद्येचे धन जोडायला आलो आहे. आचरणाने सभ्य ठरलो तर ठीक, नाहीतर हा हव्यास सोडलेला बरा. भाषणाच्या शिक्षकांना पत्र लिहून येणार नाही असे कळवले, दोन-तीनच धडे झाले होते. नृत्यशिक्षकांनाही तसेच. व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंकडे स्वतः गेले आणि येईल त्या किमतीला वाद्य विकून टाका म्हणून विनंती केली. कपड्यांची टापटीप मात्र पुढे कित्येक वर्षे राहिली.

या वेडाच्या काळातही एक गोष्ट सुटली नव्हती. ते प्रत्येक पैशाचा हिशेब लिहीत. बसचे भाडे, टपाल, वर्तमानपत्रावर गेलेली दोन नाणी, सगळे वहीत जाई आणि रात्री झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवली जाई. मी वाणिज्य शाखेत शिकतो. रोजकीर्द, खतावणी पाठ आहे, पण स्वतःच्या खिशाचा ताळेबंद रोज रात्री जुळवायचा हे आमच्या वर्गात कुणी करीत असेल असे वाटत नाही. मोहनदासांनी ही सवय आयुष्यभर सांभाळली. पुढे सार्वजनिक कामात लाखो रुपये त्यांच्या हातून गेले, तरी कर्ज न उरता शिल्लकच राहिली.

वहीनेच त्यांना आरसा दाखवला. खर्च निम्मा करायचे त्यांनी ठरवले, आणि कुठे गळती आहे हे वहीत पाहिले. बसभाडे बरेच होते. कुटुंबात राहायचे म्हणजे दर आठवड्याला ठरलेले पैसे द्यायचेच. शिवाय अधूनमधून घरच्या मंडळींना बाहेर जेवायला नेणे हा शिष्टाचार, आणि सोबत स्त्री असेल तर तिचा खर्च पुरुषाने करायचा अशी रीत. बाहेर जेवले म्हणून घरच्या बिलातून काही वजा होत नसे. म्हणून त्यांनी स्वतंत्र दोन खोल्या घेतल्या, आणि कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोहोचता येईल अशा जागी. पूर्वी कुठे जायचे तर वाहन लागे आणि फिरायला वेगळा वेळ काढावा लागे. आता रोजचे आठ-दहा मैल चालणे आपोआप होऊ लागले. इंग्लंडात आपण जवळजवळ आजारी पडलो नाही आणि शरीर बऱ्यापैकी कणखर झाले, ते या चालण्यामुळे, असे पुढे त्यांनी नमूद केले आहे.

वेळही वाचला होता. बॅरिस्टरीच्या परीक्षा फारशा कठीण नव्हत्या, म्हणून आणखी काही शिकावे असे वाटले आणि लंडनची मॅट्रिक परीक्षा द्यायचे ठरले. तिला लॅटिन सक्तीचे, एक आधुनिक भाषाही सक्तीची. त्यांनी फ्रेंच घेतले. परीक्षेला पाच महिने उरलेले. वेळापत्रक मिनिटागणिक आखले, तरी लॅटिनमध्ये नापास झाले. वाईट वाटले, धीर सोडला नाही. दुसऱ्या खेपेला रसायनशास्त्राऐवजी उष्णता व प्रकाश हा विषय घेतला आणि उत्तीर्ण झाले.

या दुसऱ्या तयारीच्या वेळी राहणी आणखी साधी केली. आपल्या कुटुंबाची ऐपत काय आणि आपण पैसे मागवतो किती, हा विचार त्यांना सतावू लागला होता. त्यांच्याहून गरीब विद्यार्थीही लंडनमध्ये होते. एक जण झोपडवस्तीत आठवड्याला दोन शिलिंगच्या खोलीत राही आणि दोन पेन्सच्या कोको-पावावर एक वेळचे जेवण भागवी. मोहनदासांनी दोन खोल्यांऐवजी एक घेतली, एक स्टोव्ह आणला. सकाळी ओटची लापशी आणि कोको घरी. दुपारी बाहेर जेवण. रात्री पाव आणि कोको पुन्हा घरी. दिवसाचा खर्च सव्वा शिलिंग. शाकाहारी उपाहारगृहांत दोन विभाग असत. एकात हवा तो पदार्थ मागवायचा, त्याला एक ते दोन शिलिंग लागत. दुसऱ्यात सहा पेन्समध्ये तीन पदार्थ आणि पावाचा तुकडा. काटकसरीच्या दिवसांत ते दुसऱ्या विभागात बसत. घरून मागवलेली मिठाई आणि मसाले बंद झाले. चहा-कॉफीऐवजी कोको आला. रिचमंडला बेचव लागलेला, नुसता उकडलेला पालक आता रुचकर लागू लागला. पालक तोच होता.

मात्र पॅरिसचे प्रदर्शन पाहायला गेले तेव्हा आयफेल टॉवरवर जेवल्याचे सांगता यावे म्हणून त्यांनी सात शिलिंग उधळले. पेन्सचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाचे हे वाचून मला जरा बरे वाटले.

व्रताचा अर्थ लावायचा प्रसंगही आला. इंग्लंडात मांसाच्या तीन व्याख्या प्रचलित होत्या. पहिलीप्रमाणे पशू-पक्ष्यांचे मांस वर्ज्य, मासे आणि अंडी चालतात. दुसरीप्रमाणे प्रत्येक जीवाचे मांस वर्ज्य, अंडी चालतात. तिसरीत अंडी आणि दूधही वर्ज्य. सोयीची व्याख्या निवडायची मोकळीक होती. काही दिवस त्यांनी अंडी खाल्लीही. मग विचार केला, की व्रत देणारी आई, तेव्हा मांस शब्दाचा तिच्या मनातला अर्थ तोच खरा. तिच्या लेखी अंडे म्हणजे मांसच. अंडी सुटली. शाकाहारी उपाहारगृहातल्या कित्येक पुडिंगांत आणि केकांत अंडे असते हे कळल्यावर तीही सुटली.

दुसऱ्या व्रताची कसोटी जेवणाच्या टेबलावरच लागे. बॅरिस्टर व्हायला परीक्षांबरोबर बारा सत्रे पुरी करावी लागत, म्हणजे इनर टेंपल या आपल्या संस्थेत जाऊन ठरावीक संख्येची जेवणे घ्यायची. चौघांच्या गटाला मद्याच्या दोन बाटल्या मिळत. मोहनदास पीत नसल्याने उरलेल्या तिघांची चंगळ. त्यामुळे त्यांना आपल्या गटात घ्यायला मुलांची चढाओढ असे!

तिसऱ्या व्रतावरचे संकट १८९० मध्ये पोर्ट्समथला आले. शाकाहारी मंडळींच्या परिषदेसाठी एका मित्रासोबत ते तिथे गेले होते. मुक्कामाच्या घरी रात्री पत्त्यांचा डाव रंगला, थट्टा हळूहळू घसरली, आणि मोहनदासही तीत ओढले गेले. मर्यादा सुटणार तोच मित्राने झटकन सावध केले. ते लाजले, आईसमोर घेतलेले व्रत आठवले आणि ते धडधडत्या काळजाने तिथून निघून आपल्या खोलीत गेले. ही हकिकत त्यांनी स्वतःच जगाला सांगितली आहे. आपण स्वबळावर वाचलो असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही, देवाने वाचवले असेच म्हटले आहे.

व्रतात नसलेली एक गोष्टही त्यांना टोचत होती. विलायतेत शिकणारे बरेच भारतीय तरुण आपण विवाहित आहोत हे लपवीत, आणि तेही लपवत होते. ब्रायटनच्या हॉटेलात फ्रेंच भाषेतले खाद्यपदार्थांचे पत्रक वाचता येईना तेव्हा एका वृद्ध विधवेने मदत केली होती. पुढे दर रविवारी त्या लंडनला घरी जेवायला बोलावीत आणि तरुण मुलींशी ओळखी करून देऊ लागल्या. रोख कळताच मोहनदासांनी पत्र लिहून सगळे सांगितले, की मी लहानपणीच विवाहित आहे, मला मुलगा आहे, हे आधीच सांगायला हवे होते, क्षमा करा. पत्राचे अनेक मसुदे झाले. बाईंनी उत्तरात त्यांच्या प्रामाणिकपणाचे कौतुक केले आणि रविवारचे आमंत्रण कायम ठेवले.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस दोन थिऑसॉफिस्ट बंधू भेटले. ते एडविन अर्नोल्ड यांचा गीतेचा इंग्रजी अनुवाद वाचत होते. मूळ संस्कृत गीता आपण मिळून वाचू, असे त्यांनी सुचविले. मोहनदासांना लाज वाटली. त्यांनी गीता ना संस्कृतात वाचली होती ना गुजरातीत. तोडक्या संस्कृतसह त्यांच्यासोबत वाचायला बसले. दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, पुढे क्रोध आणि शेवटी नाश अशी जी साखळी सांगितली आहे, ती मनावर कायमची कोरली गेली. अर्नोल्ड यांचे बुद्धचरित्र वाचले. शाकाहारी वसतिगृहात भेटलेल्या मँचेस्टरच्या एका सज्जनामुळे बायबल वाचले, आणि त्यातले येशूचे गिरिप्रवचन थेट हृदयाला भिडले. बेज्वॉटर भागात राहत असताना शाकाहारी मंडळ काढले, त्याचे चिटणीस स्वतः झाले आणि अर्नोल्ड यांना उपाध्यक्षपदासाठी विनंती केली. चार माणसांत उभे राहून बोलणे मात्र शेवटपर्यंत जमले नाही. शाकाहारी सोसायटीच्या समितीतही लिहून आणलेले दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवावे लागे.

१० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले, ११ जूनला हायकोर्टात नाव नोंदवले आणि १२ जूनला परतीच्या बोटीत बसले. निघण्यापूर्वी त्यांनी शाकाहारी मित्रांना निरोपाचे जेवण दिले, आणि तेही हॉलबर्न रेस्टॉरंटमध्ये. जिथून सूपच्या प्रश्नावरून बाहेर पडावे लागले होते, तिथेच त्या रात्री पूर्ण शाकाहारी पंगत बसली. भाषण करायला उभे राहिले आणि पहिल्या वाक्यापुढे गेले नाहीत. आभार मानून खाली बसले.

जुलैमध्ये मुंबईला पोहोचले तेव्हा बंदरात समुद्र खवळलेला होता. थोरले भाऊ गोदीवर घ्यायला आले होते. आईला भेटायची ओढ मोहनदासांनी सगळ्या प्रवासभर मनात धरली होती. आई गेल्याचे भावाने तिथे सांगितले. ते लंडनला असतानाच तिचे निधन झाले होते, परदेशात एकट्याला हा घाव नको म्हणून घरच्यांनी कळवले नव्हते. वडील गेले तेव्हापेक्षाही हे दुःख मोठे होते. तरी ते मोठ्याने रडले नाहीत, अश्रूही आवरले, आणि जणू काही घडलेच नाही अशा रीतीने कामाला लागले.

जातीचा प्रश्न अजून मिटायचा होता. परत घ्यायला तयार असलेल्या गटाच्या समाधानासाठी भाऊ त्यांना आधी नाशिकला घेऊन गेले. समुद्र ओलांडल्याच्या प्रायश्चित्तासाठी मोहनदासांनी गोदावरीत स्नान केले. मग राजकोटला जाऊन जातीला जेवण घातले. हे काही त्यांना आवडले नव्हते, पण भावाचा शब्द त्यांनी मोडला नाही. दुसऱ्या गटाने बहिष्कार उठवला नाही. त्या नियमाप्रमाणे सासू-सासऱ्यांच्या आणि बहिणीच्या घरी त्यांना पाणीही पिता येत नव्हते. ती मंडळी लपून पाजायला तयार होती. जे उघडपणे करता येत नाही ते लपून करायचे नाही, म्हणून मोहनदास त्या घरांत पाणी प्यायले नाहीत.